मानाचा डबा

“माझं डबं कुणी नेलं गं?”

मंगलआक्कांचा हा आवाज स्वयंपाकघरातून निघाला, मधलं दार ओलांडून वर्कशॉपात शिरला आणि चालू लेथच्या खडखडाटाला मागं टाकून पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचला. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, बसवंतआप्पांचं वर्कशॉप पुढं आणि घर मागं. त्यामुळे घरातलं भांडण कामगारांना आणि कामगारांचं घरात, असं दोन्हीकडून फुकट ऐकायला मिळायचं.

आक्का पदर खोचून बाहेर आल्या. भिंतीवरच्या फळीवर त्यांचे दहा डबे ओळीनं मांडलेले होते. काल रात्रीपर्यंत त्यात रवा, पोहे, शेंगदाणे होते. आज नऊ डब्यांवर एकेका गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी होती, दहावा नुसताच कोरा. आणि त्यांच्यापुढं परातभर चिंचोके घेऊन त्यांची सून तेजस्वी उभी होती.

“आत्या, महिन्यापुरतेच घेतलेत.”

“आणि माझा रवा?”

“पिशवीत भरून ठेवलाय.”

“आणि हे चिंचोकं? चिंच फोडताना एकेक वेचून ठिवलतं म्या!”

“ते हिशोबाला.”

आक्कांनी नवऱ्याकडं पाहिलं. आप्पांनी हातातल्या मापं घ्यायच्या व्हर्नियरकडं पाहिलं. व्हर्नियर बिचारं काय बोलणार?

“कोऱ्या डब्याला काम न्हाय न्हवं? मग त्यो मी नेते,” असं म्हणून आक्कांनी दहावा डबा उचलला, जाता जाता ओंजळभर चिंचोकेही उचलले आणि मधलं दार जरा जोरातच लावलं.

तेजस्वी खानापूरची. कॉस्टिंगची परीक्षा पास झालेली. लग्न होऊन आठ महिने झाले होते आणि त्यातले सात तिनं सासऱ्याची वही वाचण्यात घालवले होते. वर्कशॉपात पंपात, चरकात फिरत्या दांड्याभोवती बसवायचे पितळी बुश तयार व्हायचे. तीन लेथ आणि गेल्या वर्षी घेतलेलं एक नवं सीएनसी मशीन सकाळपासून घरघरायचं. मशीनं तापायची, माणसं तापायची आणि महिन्याच्या शेवटी हातात काही म्हणजे काही राहायचं नाही. आप्पांनी गणपतीतच घरात जाहीर केलं होतं, “खंडेनवमीपर्यंत मेळ लागला तर लागला. न्हायतर कुलूप लावतो आणि गावाकडं बेळगुंदीला जाऊन रताळी लावतो.”

आक्कांना रताळी आवडत नव्हती. त्यामुळे प्रसंग गंभीर होता.

त्यातच संकेश्वरच्या नागराजसाहुकारांनी एक गाजर दाखवलं होतं. त्यांचा रसवंतीची यंत्रं बनवायचा कारखाना. ते आप्पांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. “आप्पा, नवं मशीन वर्षभर फक्त माझ्यासाठी ठेवा. दुसऱ्या कुणाचं काम त्याच्यावर घ्यायचं न्हाय. खंडेनवमीला शब्द द्या,” असं ते सांगून गेले होते. आप्पांचा शब्द ओठावर येऊन बसलेला. फक्त खंडेनवमी यायची राहिली होती.

“मामा, शब्द द्यायच्या आधी एक महिना मला द्या,” तेजस्वी म्हणाली. “तुम्ही काय करताय, लाइट, पगार, टेंपो, चहा, सगळा खर्च गोळा करताय आणि एकूण बुशांनी भागताय. म्हंजे साहुकारांच्या बुशला जेवढा खर्च, तेवढाच निपाणीच्या रुक्माबाईंच्या बुशला.”

“मग? पितळ त्येच, लेथ त्येच.”

“त्रास त्योच हाय का?”

यावर कोपऱ्यातल्या लेथवरचे आण्णाप्पा खोकले. आण्णाप्पा तिथले सगळ्यात जुने टर्नर. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकदाही खोटं बोललेलं कुणाला आठवत नव्हतं, आणि पुढं जे रामायण झालं ते याच सद्गुणामुळे झालं.

“ऐका सगळे,” तेजस्वीनं परात पुढं केली. “एक चिंचोका म्हंजे दहा मिनिटं. माणसाची असू देत न्हायतर थांबलेल्या मशीनची. बुश काढण्यात गेलेली धरायची न्हाईत, वरच्या भानगडीत गेलेली धरायची. ज्या गिऱ्हाइकासाठी गेली, त्याच्या डब्यात टाकायचा. सेटिंग बदललं, पाच चिंचोके. माल परत आला, परत घासला, पाच. फोन एक, चहा एक.”

“फोन अर्ध्या मिनिटाचा असला तर?” आण्णाप्पांनी विचारलं.

“तरी टाका एक.”

“साहुकारांचा पाऊण तासाचा असतोय.”

“मग पाच.”

“मधीच ते जेवायला बसतात आणि फोन तसाच कानाला ठेवायला सांगतात. ते धरायचं?”

“ते तर आधी धरायचं, आण्णा.”

पंधरा दिवस चिंचोके पडत राहिले. साहुकारांचा डबा पाचव्या दिवशी भरला. तेजस्वीनं त्याखाली तेलाचं रिकामं डबडं ठेवलं, तेही भरत आलं. कारण साहुकार बुश घ्यायचे भरपूर, पण पाच-पाच, दहा-दहाच्या लॉटमध्ये. सोमवारी एक साइज, मंगळवारी दुसरी, बुधवारी “सोमवारचीच बरी हुती आप्पा, जरा एक सूत कमी करा.” दर वेळी टूल काढा, टूल बसवा. दर वेळी ते स्वतः येणार, बरोबर दोन माणसं, माणसांना चहा, साहुकारांना बिनसाखरेचा चहा आणि वर साखरेच्या जागी खव्याचा गोड कुंदा.

आणि रुक्माबाईंच्या डब्याच्या तळाला फक्त सहा चिंचोके. निपाणीत त्यांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. तीन महिन्यांतून एकदा त्यांचा फोन यायचा. “चारशे. त्येच.” आणि ठेवला. तो फोन एक आणि एकदाच बसवलेलं सेटिंग पाच. सेटिंग बसलं की मशीन चारशे बुश गुमान काढणार, निपाणीकडं जाणारा टेंपो पोती टाकून पुढं जाणार. रुक्माबाई सहा वर्षांत वर्कशॉपकडं फिरकल्या नव्हत्या.

सोळाव्या दिवशी तेजस्वीनं कागद सासऱ्यापुढं ठेवला. आप्पांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

“हे उलटं लिव्हलंय तू.”

“सुलटंच हाय, मामा. ज्याचे चिंचोके, त्याच्या अंगावर खर्च. साहुकारांच्या दर बुशमागं आपल्याच खिशातनं जातंय. वर्कशॉप चाललंय ते रुक्माबाईंच्या चारशेवर. आणि नवं मशीन साहुकारांना दिलं की ते चारशे करायला जागाच उरत न्हाय.”

“आगं पण साहुकार आले की शेजारचा फौंड्रीवालासुद्धा उठून बघतोय!”

“बघू दे की. त्याचं बघणं कुठल्या खात्यात धरू?”

आप्पा मटकन स्टुलावर बसले. हिशोब त्यांना पटला होता, तीच तर पंचाईत होती. “मग आता त्यांना न्हाय कोण म्हणायचं?” त्यांनी हळूच विचारलं. “आमच्या घरात गिऱ्हाइकाला न्हाय म्हणायची पद्धतच न्हाय, पोरी. माझ्या तोंडातनं त्यो शब्द निघत न्हाय.”

“खंडेनवमीला अजून बारा दिवस हाईत. सराव करा,” तेजस्वी म्हणाली.

सरावाला वेळच मिळाला नाही. दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या गाडीतून पांढरे कपडे घातलेले नागराजसाहुकार उतरले आणि थेट फळीपुढं जाऊन उभे राहिले.

“आप्पा, हे काय? माझ्या नावाचा डबा? खाली आणि एक डबडं? भरून सांडतंय की! आणि हे बाकीचे असे कोरडे का?”

 तेजस्वी बँकेत गेलेली. खरं सांगावं तर गिऱ्हाईक दुखावतंय, गप्प बसावं तर साहुकार हलत नाहीत. आप्पांनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्यांच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते त्यांचं त्यांनाही नवीन होतं.

“मानाचा डबा हाय त्यो.”

“मानाचा?”

“व्हय. खंडेनवमीला नव्या मशीनचा नारळ फोडायचा मान. आणि फेटा. ज्याचा डबा जास्त भरंल त्याला.”

साहुकारांचा चेहरा असा उजळला की वर्कशॉपातली एखादी ट्यूबलाइट बंद केली असती तरी चाललं असतं. मान म्हटल्यावर आपल्याकडं माणूस जेवण सोडतो. गावच्या जत्रेत मानाच्या नारळासाठी साहुकार सख्ख्या चुलत्याशी चार वर्षं बोलत नव्हते.

“आणि डबा भरतो कसा?” त्यांनी विचारलं.

आप्पा काही जुळवाजुळव करणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आण्णाप्पा नियमाप्रमाणे खरं बोलले. “तुमचा फोन आला की एक. चहाला एक. साइज बदलली की पाच. माल परत पाठवला की आणि पाच.”

“आयतु, आयतु!” साहुकार म्हणाले. कानडीत ‘झालं, ठरलं’ असं म्हणून ते निघाले आणि गाडीत बसायच्या आत त्यांनी फोन लावला. वर्कशॉपातला फोन वाजला.

“हॅलो, नागराज बोलतोय.”

“साहुकार, तुम्ही दारातच हाय की.”

“असू दे. चिंचोका टाका.”

पुढचे दहा दिवस वर्णन करण्यासारखे नाहीत, पण करायलाच हवेत. साहुकारांनी सकाळी साइज बदलायची, दुपारी परत पहिली आणायची, असा रतीबच घातला. आधीचा दहा बुशांचा लॉट त्यांनी दोन-दोनच्या पाच लॉटमध्ये मागितला. चांगला माल परत पाठवला आणि वर निरोप दिला, “खोट काय न्हाय, नुसतं एकदा बघून घ्या.” मान म्हणजे काय साहुकार एकट्यानं पोटात ठेवणार होते? त्यांनी तो चारचौघांत सांगितला. मग खानापूरच्या लाकडाच्या वखारवाल्यानं आपला डबा बघायला माणूस पाठवला. माणसानं चहा मागितला, तोही दोनदा. शहापूरचे यंत्रमागवाले तर बायकामुलांसकट आले, कारण माणशी एक चहा म्हणजे माणशी एक चिंचोका, हे त्यांनी येतायेताच हेरलं होतं.

दूध दोन लिटरचं सहा लिटर झालं. नव्या मशीनवर दिवसाला अकरा सेटिंगं व्हायला लागली आणि बुश निघायला लागले चौदा. आण्णाप्पांचा एक हात टूलवर आणि एक परातीत.

“मामा, हे काय करून ठेवलंत?” तेजस्वीनं कपाळाला हात लावला.

“न्हाय म्हणता आलं न्हाय गं.”

“म्हणून व्हय म्हणालात? तेही सगळ्यांना?”

मंगलआक्कांनी सहाव्या दिवशी गॅस बंद केला. “उद्यापास्नं चहा न्हाय. जो मागंल त्याला चिंचोकाच उकळून देते,” एवढं बोलून त्या आत गेल्या. आतून काहीतरी खळकन वाजल्याचं तेजस्वीला ऐकू आलं, पण विचारायची ती वेळ नव्हती.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट व्हायची तीच राहिली. रुक्माबाईंचे चारशे बुश. त्यांचं सेटिंग बसलेलं आठ वेळा मोडून साहुकारांचं बसवलं होतं, आणि ते परत बसवायचे चिंचोकेही साहुकारांच्याच डब्यात पडले होते. आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, सहा वर्षांत पहिल्यांदा, एसटीतून उतरून रुक्माबाई स्वतः वर्कशॉपच्या दारात आल्या.

साठीच्या, सडपातळ, हातात कापडी पिशवी. कुणाशी न बोलता त्यांनी मशीनकडं पाहिलं. मग फळीकडं पाहिलं. मानाची बातमी निपाणीलाही पोचली होती हे उघड होतं. त्या डब्यांवरची नावं वाचत वाचत सरकल्या, आपल्या डब्यापाशी थांबल्या आणि आत वाकून बघितलं.

“सहा?”

रुक्माबाईंनी मान वर करून आप्पांकडं पाहिलं.

“वीस वर्षं झाली, बसवंत. आमचे मालक हयात होते तवापास्नं. कधी भाव पाडून मागितला न्हाय, कधी माल फिरवला न्हाय. आणि माझा मान सहा?”

“रुक्माक्का, तसं न्हाय वो, ते उलटं...” आप्पा घाईनं पुढं झाले. “बसा की आधी. मंगल, चहा...”

“चहा नको.”

सवयीनं एक चिंचोका उचललेल्या आण्णाप्पांनी तो हळूच परत परातीत ठेवला.

“उद्या सकाळी येते,” रुक्माबाई म्हणाल्या. “तयार असतील तेवढे बुश घेऊन जाते. त्याच्यानंतर बघते कुठं करायचं ते.” आणि गेल्या.

आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी उठले ते कामालाच लागले. मशीनं धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. मध्येच तेजस्वीला म्हणाले, “रताळ्याच्या वेली मिळतात न्हवं आता?”

“मामा, आज नुसतं न्हाय म्हणा. रुक्माबाई थांबतील.”

“म्हणतो. न्हाय म्हणतो. न्हाय. न्हाय.” मशीनला उदबत्ती ओवाळत आप्पा पुटपुटत राहिले. शेजारच्या फौंड्रीवाल्याला वाटलं, मंत्र म्हणताहेत.

दहाला पांढरी गाडी आली. साहुकारांच्या डब्याखाली आता तेलाची तीन डबडी होती. आप्पा छातीत हवा भरून पुढं झाले. “साहुकार, मला एक सांगायचंय. न्... न्... नारळ आणलाय बघा, चांगला हाय.”

तेजस्वीनं डोळे मिटले.

“नारळ राहू दे आप्पा,” साहुकार खालच्या आवाजात म्हणाले. “मला बाजूला बोलायचंय.” आज त्यांच्या चेहऱ्यावर मानाचं तेज नव्हतं. त्यांनी चक्क हात जोडले. “राग मानू नका. तुमचं बघून मीपण कारखान्यात डबे मांडले. म्हटलं, आमच्यात माल घालणाऱ्यांनाबी मान देऊ. माझी थोरली पोरगी भाग्यलक्ष्मी, ती बसली मोजायला. म्हणाली, पप्पा, मान कशाला, हे वेळेचं माप हाय.”

 भाग्यलक्ष्मीनं बरोबर ओळखलं होतं.

“आणि काय निघालं सांगू? सगळ्यात भरलेला डबा तुमचा! माझं बेळगावला येणं, जाणं, गाडी, दोन माणसं, साइज बदलली की तिकडं फिटर हात बांधून बसणार. पोरगीनं कागद पुढं टाकला. म्हणाली, बेळगावचा एकेक बुश आपल्याला चांदीच्या भावात पडतोय.” साहुकारांनी उपरण्यानं घाम पुसला. “तुमचं काम चांगलंच हाय. पण हे असं मला परवडत न्हाय, आप्पा. ते वर्षभर मशीनचं सोडा. हितनं फुडं तीनच साइज, महिन्यातनं एकदा फोन, टेंपो मी पाठवतो. मी सोता येणार न्हाय. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून रातभर झोप न्हाय मला.”

आप्पांना जे वाटत होतं त्याला वाईट म्हणणं अवघड होतं. छातीवरून कुणीतरी अख्खी लेथ उचलून बाजूला ठेवावी तसं काहीतरी झालं. ते हसू कुठं ठेवावं कळेना म्हणून त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं.

“रडू नका वो आप्पा!” साहुकार गहिवरले.

“न्हाय,” आप्पा टॉवेलातून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला न्हाय म्हणाले ते हे असं.

“मानबी नको मला. पोरगी म्हणाली, ह्या डब्यात पहिला येण्यासारखी लाज न्हाय.”

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. रुक्माबाई उतरल्या आणि मागोमाग रिक्षावाल्यानं एक पोतं उतरवलं. त्यांनी ते फळीपर्यंत ओढायला लावलं, तोंड सोडलं आणि काही कळायच्या आत आपल्या डब्यावर रिकामं करायला सुरुवात केली. चिंचोके! डबा भरला, सांडला, फळीवरून धबधब्यासारखे चिंचोके खाली, लेथखाली, आप्पांच्या चपलांत.

“घरची चिंच हाय,” रुक्माबाई म्हणाल्या. “मला वाटलं, तुमच्यातले संपले असतील.”

आता मात्र तेजस्वी पुढं झाली. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळा हिशोब सांगितला. चिंचोका म्हणजे मान नाही, त्रास. सहा म्हणजे सगळ्यात कमी. हे वर्कशॉप दोन वर्षं कुणाच्या जिवावर उभं आहे ते.

रुक्माबाईंनी शांतपणे ऐकलं. मग सांडलेल्या ढिगाकडं पाहिलं. “म्हंजे आता मीच सगळ्यात तरासाची झाले की!”

“न्हाय,” आप्पा म्हणाले. दुसऱ्यांदा. आता जमायला लागलं होतं. “मान तुमचाच.”

नव्या मशीनपुढं नारळ रुक्माबाईंनी फोडला. फेट्याचं काय करायचं यावर जरा चुळबुळ झाली. नवरा गेल्यापासून कुठल्याच कार्यात त्यांना कुणी पुढं बोलावलं नव्हतं. पण त्यांनी स्वतःच हात पुढं केला, डोक्यावरच्या पदरावर फेटा ठेवला आणि विचारलं, “नीट बसलाय न्हवं?” टाळी पहिल्यांदा साहुकारांनी वाजवली. फेट्यासकट त्या रिक्षात बसल्या, काच नसलेल्या बाजूनं डोकं बाहेर काढलं.

“चारशे. त्येच.”

रिक्षा गेली.

दुपारी सगळे झाडू घेऊन चिंचोके गोळा करत होते. आप्पा स्टुलावर ऐसपैस टेकले होते. रताळी गेली, साहुकार राहिले, रुक्माक्काही राहिल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मोकळा आवाज निघाला. “मंगल! जरा चहा टाक की गं!”

मधलं दार उघडलं. आक्का चहा न घेता बाहेर आल्या. त्यांच्या हातात तो दहावा, कोरा डबा होता. आता त्यावर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘हे’. आक्का नवऱ्याचं नाव घेत नसत. डबा काठोकाठ भरलेला होता.

तेजस्वीनं वाकून बघितलं. “आत्या, महिन्याचे?”

“सहा दिवसांचे.”

तेजस्वीनं सासऱ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि अगदी परीक्षेतल्यासारखं गंभीरपणे सांगितलं, “आत्या, हे गिऱ्हाईक लई तोट्यातलं हाय.”

“म्हाईत हाय मला,” आक्का म्हणाल्या. “पण चौतीस वर्षांचा करार हाय.”

आप्पा मुकाट्यानं उठले, आत गेले आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, “साखर कंच्या डब्यात हाय गं?”

आण्णाप्पांनी जमिनीवरचा एक चिंचोका उचलला, आक्कांनी डबा पुढं केला.